एका घरातल्या चार ट्यूबा

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. सहा महिन्यांचा असल्यापासून त्याला इसब आहे. कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यांत चट्टे येतात, थंडीत गालांवरही उठतात. रात्री खाजवून खाजवून चादरीला रक्त लागते. त्याच्या बाबांना लहानपणी दमा होता. पाच महिन्यांपूर्वी त्वचारोगतज्ज्ञांनी दोन ट्यूबा दिल्या, गालांसाठी हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का आणि हातापायांसाठी मोमेटासोन ०.१ टक्का. ‘दिवसातून एकदा, दहा दिवस लावा आणि मग दाखवायला आणा,’ असे म्हणाले. मी दोन दिवस लावले, फरक पडला. मग खोक्यातला कागद वाचला. त्यात स्टेरॉइड लिहिले होते, कातडी पातळ होते असेही होते. घाबरून बंद केले. आता अगदीच असह्य झाले की किंचित लावते. मोमेटासोनची १५ ग्रॅमची ट्यूब अजून जवळजवळ भरलेली आहे.

घाबरण्याचे कारण घरातच आहे. बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा माझ्या नणंदेने रंग उजळायला मेडिकलमधून एक क्रीम आणले. दोन महिन्यांत चेहरा असा उजळला की सगळे विचारायला लागले, काय लावतेस? आज दोन वर्षे झाली. एक दिवस क्रीम चुकले तरी चेहरा लाल होतो, आगआग होते. गालांवर बारीक शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर लव आली आहे. त्या क्रीममध्येही मोमेटासोनच आहे, मी खोके बघितले. म्हणजे ज्या औषधाने वन्संचा चेहरा असा झाला, तेच मी लेकराला लावायचे?

धाकटे भावोजी म्हणतात, ‘वहिनी, माझे मलम लावून बघा, दोन दिवसांत खाज गायब.’ त्यांना जांघेत गजकर्ण आहे, वर्षभर तेच मलम चालू आहे. सासूबाई म्हणतात, कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळ घाल, हे इंग्रजी काही नको. मी कुणाचे ऐकू?

– एक आई, चिपळूण

ताई,

पाच महिने, आणि १५ ग्रॅमची ट्यूब अजून भरलेली. तुमच्या पत्रातले हे वाक्य मी तीनदा वाचले. तुमच्या लेकाच्या त्रासाचे बरेचसे उत्तर त्या भरलेल्या ट्यूबमध्येच आहे.

जरा हिशेब करू. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या सुरकुतीपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढायची. मोठ्या माणसाच्या बोटावरच्या या रेघेत साधारण अर्धा ग्रॅम औषध येते, आणि ते मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तळवा म्हणजे बोटांसकट अख्खा पंजा. १९९१ मध्ये लाँग आणि फिनले या ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे माप नीट मांडले. आता जगभरचे डॉक्टर हेच सांगतात, किंवा निदान सांगायला हवे. तुमच्या मुलाचे चारही खळगे मिळून तुमच्या तीन तळव्यांएवढी जागा धरू. म्हणजे दीड पेर. रोज पाऊण ग्रॅमच्या आसपास. दहा दिवसांत साडेसात ग्रॅम. सांगितल्याप्रमाणे लावले असते तर दहाव्या दिवशी ट्यूब अर्धी झाली असती.

तुमच्याकडे ती पाच महिन्यांत हललीही नाही. याला औषधाने गुण दिला नाही असे म्हणता येत नाही. ते दिलेच गेले नाही.

हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. या चुकीत माझा स्वतःचा वाटा जुना आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत मी प्रत्येक चिठ्ठीवर ‘पातळ थर लावणे’ असे लिहायची. आमच्या वेळी सगळेच लिहायचे. एका मुलीची आई तीन वेळा परत आली, काहीच फरक नाही म्हणाली, आणि मी दोनदा औषधाची ताकद वाढवली. तिसऱ्या खेपेला सहज विचारले, दाखवा बरे किती लावता? तिने करंगळीच्या टोकावर टिकलीएवढे क्रीम घेतले आणि पोरीच्या अख्ख्या पायावर फिरवले. पुढे काही जिरलेच नाही, नुसता हात फिरला. आधीचे साधे औषध पुरले असते. ‘पातळ थर’ हा शब्द तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर नाही. त्या जागी पेरे लिहिते, दिवस लिहिते, आणि पुढच्या खेपेला ट्यूब घेऊन या असे लिहिते. रिकामी होत आलेली ट्यूब रुग्णापेक्षा खरे बोलते.

आता तुमचा खरा प्रश्न. नाव तेच, मग वन्संना अपाय आणि लेकराला उपाय, हे कसे?

स्टेरॉइड हा शब्द आपल्याकडे व्यायामशाळेतून घरात आला, म्हणून त्याची धास्ती आहे. दंड फुगवायला घेतात ती वेगळी. मलमातली स्टेरॉइडे आपल्या मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी रोज तयार करतात त्या कॉर्टिसॉलच्या कुळातली. शरीराने स्वतःवरच पेटवलेली आग विझवणे हे त्यांचे काम. इसबात बाहेरचा शत्रू नसतो. त्वचेची तटबंदी कच्ची असते, साध्या धुळीने, घामाने, साबणाने आतली संरक्षक यंत्रणा भडकते आणि सूज व खाज सुटते. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन पहिल्यांदा मलम म्हणून यशस्वी ठरले, आणि तोवर डांबराच्या मलमांवर दिवस काढणाऱ्या इसबाच्या रुग्णांना पहिल्यांदा नीट झोप लागली. सत्तर वर्षांहून जुने औषध आहे हे. त्याचे गुणही माहीत आहेत, खोड्याही.

खोड्या कुठे दिसतात ते तीन गोष्टींवर ठरते: कोणत्या ताकदीचे, कोणत्या जागी, किती दिवस. चौथी गोष्ट या तिन्हींच्या आधीची. मुळात रोग कोणता?

ताकदीपासून सुरुवात करते, कारण टक्केवारी फसवते. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, मोमेटासोन ०.१ टक्का, क्लोबेटासोल ०.०५ टक्के. आकडा मोठा ते औषध जास्त जहाल, असे कुणालाही वाटेल. खरे आहे ते उलटे. या तिघांत हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यांत सौम्य, मोमेटासोन बऱ्यापैकी ताकदीचे आणि क्लोबेटासोल सगळ्यांत जहाल. हायड्रोकॉर्टिसोनच्या तुलनेत त्याची ताकद ६०० पटींपर्यंत सांगितली जाते. तेव्हा टक्के बघू नका, नाव बघा. साधारणपणे नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ आले (बीटामेथासोन, फ्लुटिकासोन, क्लोबेटासोल, ट्रायमसिनोलोन) की ते स्टेरॉइड समजा आणि डॉक्टरांना विचारा. शेवटी ‘कोनाझोल’ असेल तर ते बुरशीचे औषध. एकाच ट्यूबवर दोन्ही प्रकारची नावे दिसली की कान टवकारा. त्यावर पुढे येतेच.

मग जागा. कातडी सगळीकडे सारखी नसते हे आपल्याला टाचेवरून आणि पापणीवरून कळतेच. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीरावर कुठून किती आत शिरते ते मोजले. हाताच्या पुढच्या भागातून शिरते तेवढ्याला एक धरले, तर तळपायातून त्याचा सातवा भाग, कपाळातून सहापट, जबड्याच्या कातडीतून १३ पट आणि वृषणाच्या कातडीतून ४२ पट. हे शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवा. पहिला वन्संचा आहे, दुसरा भावोजींचा.

वन्संच्या क्रीममध्ये, तुमच्या वर्णनावरून, मोमेटासोनच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असणार. हे तिहेरी मिश्रण मुळात वांगासाठी आहे. क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये त्याचा मूळ नुस्खा मांडला, त्यात स्टेरॉइड वेगळे होते. वांगाच्या डागांवर, रात्री, काही आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीत, आणि मग बंद. एवढ्यापुरते ते चांगले औषध आहे. गोरे दिसायला अख्ख्या चेहऱ्यावर दोन वर्षे लावायचे नाही. चेहरा जबड्याच्या हिशेबाने औषध पितो. सुरुवातीला रक्तवाहिन्या आक्रसतात, चेहरा फिकट, तुकतुकीत दिसतो. लोक विचारतात, काय लावतेस. आतून कातडी विरत जाते. शिरा दिसायला लागतात, लव येते, पुटकुळ्या येतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे थांबवले की आक्रसलेल्या वाहिन्या एकदम सैल पडतात आणि चेहरा पेटतो. मुलीला वाटते, बघा, क्रीम नसले की किती वाईट दिसते. म्हणून पुन्हा लावते.

वन्सं एकट्या नाहीत. आपल्या देशात हे इतके झाले की २००८ मध्ये कौशिक लाहिरी आणि अरिजित कुंडू या कोलकात्याच्या डॉक्टरांनी त्याला स्वतंत्र नाव दिले, ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांमधल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. सातात एक. त्यात शेजारणीने सांगितले म्हणून लावणाऱ्या होत्या, तशाच एकदा डॉक्टरांनी दिले आणि पुढे मेडिकलमधून स्वतःच आणत राहिलेल्याही. दोष एकट्या दुकानदाराचा नाही, थांबायची तारीख न लिहिणाऱ्या आमचाही आहे.

हा चेहरा सुधारतो, पण महिने जातात. क्रीम थांबवावेच लागते. मात्र आज रात्री डबी फेकून वन्संना एकटे सोडू नका. पहिले काही आठवडे चेहरा असा लाल होतो, असा जळतो की धीर सुटतो आणि माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. काहींना ताकद टप्प्याटप्प्याने कमी करून सोडवतात, काहींना टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइड नसलेले मलम देतात, पुटकुळ्यांसाठी पोटातून गोळ्या लागू शकतात. तोवर साधे, वास नसलेले मॉइश्चरायझर, उन्हात सनस्क्रीन आणि ओढणी. लिंबू, बेसन, कोरफड, ब्लीच, फेशियल यांपैकी काहीही त्या चेहऱ्याला लावू नका. जळत्या घरात पाहुणे बोलावू नयेत.

भावोजींची गोष्ट मला जास्त चिडवते, कारण तिथे रोगच वेगळा आहे. गजकर्ण ही बुरशी. तिला मारायचे तर बुरशीचे औषध हवे. ‘दोन दिवसांत खाज गायब’ करणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे सगळे एकत्र कोंबलेले असते. खाज जाते ती स्टेरॉइडमुळे. शरीर बुरशीशी झगडत असते म्हणून चट्टा लाल असतो, खाजतो. स्टेरॉइड त्या झगडणाऱ्या सैन्यालाच घरी पाठवते. मैदान शांत दिसते आणि बुरशी निवांत पसरते. चट्ट्याची ठळक गोल कड पुसली जाते, इतकी की पुढे डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. १९६८ पासून आमच्या पुस्तकांत या वेषांतर केलेल्या गजकर्णाला वेगळे नाव आहे. त्यात गेल्या दहाएक वर्षांत भारतात अशी एक बुरशी फोफावली आहे जी टर्बिनाफिन या एरवीच्या हुकमी औषधाला अनेकदा दाद देत नाही. २०२० मध्ये तिचे नाव ठेवले गेले ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. देशाचे नाव कशाकशाला लागते बघा.

शिवाय जागा जांघ. ओल, घट्ट जीन्स, कोकणातला घाम आणि पातळ कातडी. अशा जागी वर्षभर जहाल स्टेरॉइड लावले की कातडी आतून फाटते आणि बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे जाड, जांभळट चरे पडतात. रंग फिका होतो, चरे जात नाहीत. क्लोबेटासोलच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते की ते सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये आणि चेहरा, काख, जांघ इथे लावू नये. भावोजींना सांगा, ट्यूब बंद, डॉक्टरांकडून चट्ट्याचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या, आणि मिळेल ते बुरशीचे औषध खाज गेल्यावरही सांगितले तितके दिवस पूर्ण घ्या. त्यांचा टॉवेल वेगळा. चड्ड्या उन्हात वाळवायच्या, पावसाळ्यात इस्त्री करून. आणि ते मलम तुमच्या लेकराला एक ठिपकाही नको.

अशी मलमे मिळतात कशी, असे तुम्ही विचाराल. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडे स्पष्टपणे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत अशी काही मलमेही होती. कागदावर सगळे आहे. काउंटरवर काय चालते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

आता तुमचा लेक. त्याला इसबच आहे ना? तुमच्या वर्णनावरून तसे दिसते: तान्हेपणापासून, दोन्ही बाजूंना, खळग्यांत, घरात दम्याचा वारसा. पण पाच महिन्यांत चित्र बदललेले असू शकते आणि घरात गजकर्ण आहे. एखादा चट्टा गोल, कडेला उठावदार आणि मध्ये साफ असा दिसत असेल तर त्याला स्टेरॉइड लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि रात्री तो एकटाच खाजवतो की घरातले सगळे? सगळेच खाजवत असतील, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर खरूज बघायला हवी. तिचे औषध सगळ्या घराने एकाच दिवशी लावायचे असते.

इसबच असेल तर तुमच्या डॉक्टरांनी दिलेले बरोबर आहे. गालांना सौम्य, खळग्यांना मध्यम. मोमेटासोन दोन वर्षांवरच्या मुलांना चालते, थोड्या दिवसांसाठी. पाच महिने झालेत, तेव्हा आधी एकदा मुलाला दाखवून आणा, ट्यूबेवरची मुदत बघा, आणि मग घाबरत नाही तर नीट लावा.

कसे ते सांगते. संध्याकाळी कोमट पाण्याने दहा मिनिटांत आंघोळ. साबण फक्त काख, जांघ, पाय एवढ्यालाच, आणि तोही सौम्य. पंचाने घासायचे नाही, टिपायचे. अंग किंचित ओलसर असतानाच सगळ्या अंगाला मॉइश्चरायझर, हात आखडता न घेता. महागडेच हवे असे नाही. पेट्रोलियम जेली चालते, चांगले खोबरेल तेलही चालते. कोकणात ते सांगायला नको. राईचे तेल मात्र नको, ते झोंबते. मग वीसेक मिनिटे थांबून स्टेरॉइड, मोजलेल्या पेराने, फक्त चट्ट्यांवर पण अख्ख्या चट्ट्यावर. कडेला भिऊन मध्येच ठिपका द्यायचा नाही. दिवसातून एकदा पुरते, दोनदा लावून दुप्पट गुण येत नाही. वरून प्लॅस्टिक गुंडाळायचे नाही. रात्री डायपर घालत असाल तर त्याच्या आत नको, कारण झाकलेल्या कातडीतून औषध कितीतरी जास्त शिरते. पापण्यांना आणि डोळ्यांलगत नको. तिथे दीर्घकाळ लावल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. शेवटी आपले हात धुवायचे.

थांबायचे कधी? इथे आपल्या रंगाचा एक घोळ आहे. पुस्तकांतले इसबाचे फोटो गोऱ्या कातडीचे, तिथे लाली गेली की बरे झाले. आपल्या सावळ्या कातडीवर इसब लाल दिसेलच असे नाही, करडे, जांभळट, काळपट दिसते. म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर भिस्त ठेवा. डोळे मिटून खळग्यावरून बोट फिरवा. खरखर लागत नाही, जाडसर लागत नाही, आणि मूल खाजवत नाही, म्हणजे काम झाले. खाली काळपट किंवा फिकट डाग उरेल. तो सुजेचा माग आहे, औषधाचा नाही. काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप जातो. कित्येक आया तो फिकट डाग बघून कोड आले म्हणून घाबरतात आणि सासूबाई म्हणतात, बघ, मी सांगितले नव्हते?

बहुतेकदा आठवडाभरात हे साधते. दहा दिवसांत काहीच फरक नाही तर आपणहून दिवस वाढवू नका, ताकद वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. इसब पुन्हा पुन्हा त्याच जागी उठत असेल तर चट्टा साफ झाल्यावरही आठवड्यातून दोन रात्री, समजा बुधवारी आणि शनिवारी, त्याच जागांवर औषध लावायची एक पद्धत आहे. तिने पुढचा भडका टळण्याची शक्यता बरीच वाढते. पण ती डॉक्टरांना विचारूनच, आणि मॉइश्चरायझर रोज चालू ठेवूनच. मॉइश्चरायझर बंद करून नुसते स्टेरॉइड लावणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून रोज फरशी पुसणे.

कातडी पातळ होईल का? महिनोन्‌महिने रोज, नको त्या ताकदीचे, नको त्या जागी लावले तर होईल. मधे सुट्टी देऊन, मोजून, अशा आठवड्याभराच्या फेऱ्यांनी चार वर्षांच्या मुलाच्या खळग्यांत तसे होण्याची शक्यता फार कमी आहे. वाढ खुंटेल का, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात असणार. ती भीती अंगभर, जहाल, दीर्घकाळ लावलेल्या औषधाची. तान्ह्या बाळांना आजी मालिशीच्या तेलासारखे क्लोबेटासोल चोळते तेव्हा चेहरा फुगून, वजन वाढून बाळे दवाखान्यात येतात. तुमच्या दीड पेरात ते होत नाही. उलट रात्र-रात्र न झोपलेले मूल चिडते, जेवत नाही, आणि खाजवून जाड झालेल्या कातडीला पुढे जास्त औषध लागते. औषध न लावण्याचीही किंमत असते, ती तुमचा मुलगा पाच महिने रोज रात्री देतो आहे.

सासूबाईंचा कडुनिंब. अधूनमधून पाण्यात चार पाने टाकल्याने बिघडत नसेलही, पण उघड्या, रक्त निघालेल्या चट्ट्यावर कडुनिंबाचा लेप झोंबतो आणि खाज वाढते. हळद-डाळीच्या पिठाचे उटणे तर नकोच, कोरड्या कातडीवर ते घासणीचे काम करते. धुरी बंद. त्यांना दुखावायचे नसेल तर मॉइश्चरायझर लावायचे काम त्यांच्याकडे द्या. आजीच्या हाताला वेळ असतो. आणि कुणी ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ म्हणून बिनलेबलची पांढऱ्या मलमाची डबी आणून दिली, आणि ती दोन दिवसांत जादू करायला लागली, तर आत न सांगितलेले स्टेरॉइड असू शकते. जादूला घटकांची यादी नसते.

एक गोष्ट मात्र वाट बघण्यासारखी नाही. चट्ट्यांवर मधाच्या रंगाची खपली, पू, किंवा आजूबाजूची कातडी गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. आणि ताप येऊन एकसारखे बारीक फोड किंवा टोचल्यासारखे गोल व्रण झपाट्याने पसरायला लागले तर रात्रही काढू नका. नागिणीच्या घराण्यातला हर्पिस विषाणू इसबाच्या कातडीवर असा पसरतो. त्याला तातडीने वेगळे औषध लागते.

ट्यूबेवर पेनने उघडल्याची तारीख लिहा, शेजारी थांबायची तारीखही. पुढच्या खेपेला तिघांच्याही ट्यूबा पिशवीत घालून न्या, डॉक्टरांना समोरासमोर मांडून दाखवा. शक्य झाले तर तिघेही रुग्ण बरोबर न्या.

आणि ताई, हे उत्तर जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नका. भावोजींचा भाग त्यांना तोंडी सांगितलात तरी चालेल, ते हसून ऐकतील. वन्संच्या हातात मात्र कागद नुसता द्या आणि म्हणा, सोमवारी मुलाला दाखवायला चाललेच आहे, तुमचा नंबर आधी लावते.